प्रयोगशाळेपर्यंत पैसा पोचवणारा माणूस

नववीत असताना आपली सहल पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेली होती. बहुतेकांना त्यातले काचेची नळी फुंकून फुगा करून दाखवणारे काका आठवत असतील, किंवा परतीच्या बसमधल्या भेंड्या. सहलीनंतर शास्त्राच्या सरांनी वहीत एक प्रश्न लिहून आणायला सांगितला होता : ही प्रयोगशाळा उभी राहिली ती कोणामुळे? मी नेहरू असं लिहिलं. सरांनी लाल शाईने त्याखाली भटनागर हे नाव लिहिलं आणि अर्धा गुण दिला. पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नंतर कित्येक वर्षं भटनागर म्हणजे वर्तमानपत्रात दरवर्षी येणाऱ्या एका पुरस्काराचं नाव, एवढंच माझ्या लेखी होतं.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी एका प्रकल्पावर काम केलं. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाचं तापमान सतत मोजायचं आणि त्यावरून ओतकामात दोष येण्याआधी सूचना द्यायची, असं साधं काम. पैसा सरकारी संशोधन निधीचा. मंजुरीला दीड वर्ष लागलं, पहिला हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी जमा झाला आणि तो ३१ मार्चच्या आत खर्च करायचा होता. त्यातही गंमत अशी, की संगणक घ्यायला 'हेड' होतं, भट्टीत घालायच्या थर्मोकपलला नव्हतं. आम्ही चार संगणक घेतले. त्या वर्षी भट्टीचं तापमान कोणी मोजलं नाही. खर्चाचं प्रमाणपत्र मात्र वेळेत गेलं.

त्या वैतागात मी वाचायला लागले, की आपल्या देशात उद्योगासाठी सरकारी पैशातून संशोधन करायचं हे पहिल्यांदा ठरलं तेव्हा ते कसं ठरलं होतं. आणि प्रत्येक वळणावर सरांच्या लाल शाईतलं नाव भेटलं. स्मरणिकेसाठी काय लिहू असं विचारल्यावर आपल्या संपादक मंडळाने आठवणी लिही असं सांगितलं होतं. ही माझी आठवणच समजा, फक्त माणूस दुसरा आहे.

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा, पंजाबातल्या भेरा गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असताना वडील वारले. आई त्यांना घेऊन माहेरी, उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादला गेली. आजोबा इंजिनिअर. त्यांच्या घरात मुलाला यंत्रांची खेळणी, विजेच्या बॅटऱ्या, दोऱ्याचा टेलिफोन असले उद्योग करायला मोकळीक होती. पुढे लाहोरच्या दयालसिंग शाळेत आणि मग त्याच नावाच्या कॉलेजात ते शिकले. तिथे नाटकात कामं केली, उर्दूत एक एकांकिका लिहिली. कवितेचा नाद आयुष्यभर राहिला. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचं कुलगीत त्यांचं आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. रसायनशास्त्राचा प्राध्यापक विद्यापीठाचं गीत लिहितो, हे आपल्या मराठीच्या बाईंना फार आवडलं असतं.

एम.एस्सी. झाल्यावर दयालसिंग ट्रस्टची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला निघाले. पण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी बोटी भरलेल्या. लंडनमध्ये अडकले, तर तिथेच युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक डॉनन यांच्या हाताखाली काम सुरू केलं आणि १९२१ मध्ये डी.एस्सी. मिळवली. विषय तेल, पाणी आणि साबणासारख्या क्षारांचा, म्हणजे एकमेकांत न मिसळणाऱ्या गोष्टी एकत्र कशा धरून ठेवायच्या याचा. पुढे त्यांनी सरकार, उद्योगपती आणि शास्त्रज्ञ यांना एका टेबलाभोवती धरून ठेवलं, तेव्हा हा विषय उपयोगी पडला असावा असा विनोद करायचा मोह होतो. केला, आता पुढे जाते.

लंडनच्या मुक्कामातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे त्यांना वर्षाला २५० पौंडांची जी शिष्यवृत्ती मिळत होती, ती ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची होती. हा विभाग युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये निघाला होता. रंग, औषधं, भिंगाची काच अशा कितीतरी गोष्टींसाठी आपण जर्मनीवर अवलंबून आहोत हे युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांच्या ध्यानात आलं, आणि सरकारी पैसा उद्योगाच्या संशोधनात घालायला हवा हे पटलं. असा पैसा विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत कसा पोचतो हे भटनागरांनी विशीत, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं होतं. पुढे देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या किती जणांना असा अनुभव असतो?

भारतात परतल्यावर तीन वर्षं बनारसला काढून १९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठात गेले आणि १९४० पर्यंत तिथेच राहिले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं उत्तम काम याच सोळा वर्षांतलं. पदार्थांच्या चुंबकीय गुणांवरून त्यांची रासायनिक रचना ओळखायची हा त्यांचा विषय. के. एन. माथुर यांच्याबरोबर त्यांनी १९२८ मध्ये एक संवेदनशील तराजू तयार केला. लंडनची ॲडम हिल्गर कंपनी पुढे तो बनवून विकत असे. लाहोरच्या प्रयोगशाळेत जुळवलेलं उपकरण त्या काळी लंडनच्या कंपनीने बनवून विकायचं, ही साधी गोष्ट नव्हती.

पण मला ज्या भटनागरांबद्दल लिहायचं आहे ते घडले रावळपिंडीच्या एका चिखलामुळे.

ॲटॉक ऑइल कंपनी तिथे तेलासाठी खोदकाम करत होती. तेलविहीर खणताना वरून सतत पातळ चिखल आत सोडतात. तो खणणाऱ्या पात्याला गार ठेवतो, खालचा भुगा वर आणतो आणि भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. ॲटॉकच्या विहिरीत हा चिखल खारट पाण्याच्या थराला लागला की घट्ट होऊन बसायचा आणि खोदकाम ठप्प. अडचण यंत्राची वाटत होती, पण मूळ रसायनात होतं. पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत असतात म्हणून चिखल पातळ राहतो. मीठ आलं की ते ढकलणं थांबतं आणि कण गोळा होतात, दूध फाटावं तसे. भटनागरांनी त्या चिखलात आपल्याकडचा एक डिंक मिसळायला सांगितला. चिखल पातळ राहिला, मीठ त्याला बाधेना, खोदकाम सुरू झालं.

कंपनीची लंडनमधली मालक मंडळी, स्टील ब्रदर्स, इतकी खूश झाली की त्यांनी पेट्रोलियमवरच्या पुढच्या संशोधनासाठी भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! भटनागरांनी ते विद्यापीठाकडे वळवले. त्या पैशातून विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग सुरू झाला, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. काम पाहून कंपनीने रक्कम वाढवली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांवर नेली. मग दिल्ली क्लॉथ मिल्स, कानपूरची जे. के. मिल्स, मुंबईची टाटा ऑइल मिल्स असे एकेक उद्योग आपापल्या अडचणी घेऊन लाहोरला येऊ लागले. स्वतःसाठी पैसे न घेण्याबद्दल त्यांचं फार कौतुक झालं. मेघनाद साहांनीही १९३४ मध्ये पत्र लिहून त्यांची पाठ थोपटली. साहा पुढेही येणार आहेत, आणि तेव्हा पाठ थोपटायला नाही.

मला या प्रकरणात त्यागापेक्षा व्यवस्था जास्त दिसते. अडचण कारखान्यातून आली. पैसा मुदतीचा होता, पाच वर्षांचा, त्यामुळे विद्यार्थ्याला पुढच्या मार्चची चिंता नव्हती. काम विद्यापीठात झालं, जिथे माणसं आणि उपकरणं आधीच होती. आणि पैसे देणारा रोज हिशेब विचारत नव्हता, तो विहीर चालू झाली का एवढंच बघत होता. भटनागरांनी पुढे सरकारात जे उभं केलं, त्याचा नमुना हा आहे.

सरकारात त्याआधी काय होतं? १९३५ मध्ये औद्योगिक माहिती आणि संशोधनासाठी एक छोटं कार्यालय निघालं होतं, सरकारी खरेदी खात्याच्या पोटात. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास तरतूद. तेवढ्यात सबंध देशाच्या उद्योगाचं संशोधन! दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. इथे दुसरा माणूस लागतो, व्हाइसरॉयच्या मंडळातले व्यापार खात्याचे सदस्य आर्कॉट रामस्वामी मुदलियार. ते वकील आणि राजकारणी, शास्त्राशी त्यांचा संबंध नाही. पण बाहेरून येणारी रसायनं आणि यंत्रसामग्री युद्धात तुटणार हे त्यांना कळत होतं. ते कार्यालय मोडून त्याजागी ब्रिटिश विभागाच्या धर्तीवर मंडळ हवं, हा आग्रह त्यांनी सरकारकडून मान्य करून घेतला. १ एप्रिल १९४० ला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष मुदलियार, संचालक भटनागर. तरतूद वर्षाला पाच लाख, मुदत सुरुवातीला दोनच वर्षं.

आता पाच लाख घेऊन तुम्ही काय केलं असतंत? मी तरी आधी इमारत शोधली असती, मग आस्थापना विभाग. भटनागरांनी कलकत्त्यात अलीपूरच्या सरकारी चाचणी-घरात जागा घेतली आणि देशभरातल्या विद्यापीठांत कामं वाटली. वर्ष संपायच्या आत साधारण ऐंशी संशोधक कामाला लागले होते आणि त्यांतले मंडळाचे थेट नोकर फक्त पाव. बाकीचे आपापल्या जागी, आपापल्या प्रयोगशाळेत. विषय युद्धाच्या निकडीचे : बलुचिस्तानातलं गंधक शुद्ध करणं, विषारी वायूला दाद न देणारं कापड, वनस्पती तेलांपासून वंगण. गंधकाशिवाय गंधकाम्ल नाही आणि गंधकाम्लाशिवाय खत, स्फोटकं, कापडाची रंगाई यांतलं काहीच चालत नाही. तेव्हा हा विषय कोणाच्या आवडीचा नव्हता, गरजेचा होता.

मग दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही हिशेबाच्या आहेत, म्हणून चरित्रांत त्या एका ओळीत उरकलेल्या असतात. पहिली, १९४१ मध्ये निघालेली संशोधन-उपयोग समिती. प्रयोगशाळेत निघालेली कृती कोणत्या कारखान्याला द्यायची, कोणत्या अटीवर, हे या समितीने बघायचं. आणि उद्योगाकडून स्वामित्वधन म्हणून जे येईल ते वेगळ्या निधीत जाऊन पुन्हा संशोधनालाच लागेल, हे सरकारने मान्य केलं. तिजोरीत एकदा गेलेला पैसा परत काढायचा तर किती सह्या लागतात हे ज्याने अनुभवलंय, त्याला या एका वाक्याचं मोल कळेल.

दुसरी गोष्ट १४ नोव्हेंबर १९४१ ची. मुदलियारांनी दिल्लीत मध्यवर्ती विधिमंडळापुढे औद्योगिक संशोधन निधीची मागणी ठेवली : वर्षाला दहा लाख, पाच वर्षं. ती मंजूर झाली. रक्कम दुप्पट झाली याहून मला ती पाच वर्षं मोठी वाटतात. धातू, कोळसा, जड रसायनं यांतला कोणताही प्रयोग एका आर्थिक वर्षात बसत नाही. भट्टी बांधायलाच वर्ष जातं.

त्या निधीचा कारभार बघायला २६ सप्टेंबर १९४२ ला सी.एस.आय.आर., म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, सुरू झाली. तिला सरकारी खातं केलं नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची ती एक स्वायत्त संस्था. आपल्या माजी विद्यार्थी मंडळाची नोंदणीही याच कायद्याखाली आहे, आणि त्यासाठी आपण किती खेटे घातले ते खजिनदारांना विचारा. पण एकदा नोंदणी झाली की नियामक मंडळ स्वतः ठरवू शकतं, माणूस नेमू शकतं, खर्च मंजूर करू शकतं. सरकारचा पैसा पण सरकारी खातं नाही, ही जागा भटनागर आणि मुदलियार यांनी शोधून काढली.

पुढच्या वर्षी भटनागरांनी पाच राष्ट्रीय प्रयोगशाळांची योजना नियामक मंडळाकडून मान्य करून घेतली : रसायन, भौतिकी, धातू, इंधन, आणि काच व मातीकाम. १९४४ मध्ये त्यासाठी एक कोटीची तरतूद झाली आणि टाटांनी वीस लाखांची देणगी दिली. जागा कशा निवडल्या बघा. धातूंची प्रयोगशाळा जमशेदपूरला, पोलाद कारखान्याच्या शेजारी. इंधनाची धनबादला, झरियाच्या कोळशावर. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त. तो कसा धुवायचा, कशात मिसळायचा, कोणत्या खाणीचा कोणत्या कामाला घ्यायचा, हे प्रश्न दिल्लीत बसून सुटणारे नव्हतेच.

आणि रसायनाची पाषाणला. ६ एप्रिल १९४७ ला मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी कोनशिला बसवली आणि ३ जानेवारी १९५० ला नेहरूंनी उद्घाटन केलं. म्हणजे माझ्या वहीतलं उत्तर अगदीच चूक नव्हतं, अर्धा गुण योग्यच होता. पहिले संचालक म्हणून भटनागरांनी अमेरिकेतून मॅकबेन यांना आणलं, साबणाच्या रसायनातला जगातला जाणता माणूस, वय सदुसष्ट. आज नियमावली उघडली तर वयाच्या रकान्यातच तो अर्ज बाद होईल. १९५० या एका वर्षात पुणे, दिल्ली, धनबाद आणि जमशेदपूर अशा चार प्रयोगशाळांची दारं उघडली.

हे सगळं करणाऱ्या माणसाचं घर याच काळात रिकामं झालं होतं. पत्नी लाजवंती १९४६ मध्ये गेल्या. ज्यांनी त्यांना शाळेत घडवलं त्या मुख्याध्यापकांची ही मुलगी. आपल्या उर्दू कवितांच्या संग्रहाला भटनागरांनी तिचंच नाव दिलं. वर्षभरात फाळणी झाली आणि ज्या लाहोरात शाळा, कॉलेज, सोळा वर्षांची प्रयोगशाळा होती, ते परदेश झालं.

यानंतरचे भटनागर इतक्या खुर्च्यांवर दिसतात की मोजताना गोंधळ होतो. परिषदेचे संचालक, शिक्षण खात्याचे सचिव, नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन खात्याचे सचिव, अणुऊर्जा आयोगाचे सदस्य, शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. १९५१ मध्ये परदेशी तेल कंपन्यांशी रिफायनऱ्यांसाठी बोलणी करायचं काम आलं तेही त्यांच्याकडे. चेंबूरला राहणाऱ्या आपल्या मंडळींना ट्रॉम्बे-माहूलच्या ज्या चिमण्या दिसतात, त्यांची सुरुवात त्या बोलण्यांतली. रावळपिंडीच्या चिखलापासून ट्रॉम्बेपर्यंत, तेलाने काही त्यांना सोडलं नाही.

आणि इथेच मला थोडं थांबावंसं वाटतं. कागद पटापट हलत होते, कारण पाठवणारा आणि मंजूर करणारा बऱ्याचदा एकच माणूस होता आणि परिषदेचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान नेहरू होते. आमच्या धंद्यात अशी यंत्रणा कोणी पुढे ठेवली तर पहिला प्रश्न विचारतात, हा माणूस रजेवर गेला तर काय? लालफीत कमी करण्याचा हा मार्ग दुसऱ्याला शिकवता येत नाही.

साहांचा आक्षेप वेगळा होता आणि तो मला जास्त टोचतो. त्यांचं म्हणणं, मोठमोठ्या स्वतंत्र प्रयोगशाळा काढल्या की चांगली माणसं आणि पैसा विद्यापीठांतून निघून तिकडे जाणार, आणि पुढची पिढी शिकवणार कोण? रामन यांनी तर प्रयोगशाळांच्या या धडाक्याला नेहरू-भटनागरांच्या नावाने थट्टेचं नाव ठेवलं होतं. ऐंशीतले साठ लोक विद्यापीठांत बसवणारे १९४० चे भटनागर आठवले की वाटतं, साहांच्या बाजूने सगळ्यांत चांगली साक्ष त्यांचीच झाली असती. मी ज्या कॉलेजात इंजिनिअर झाले तिथे संशोधन म्हणजे कपाटातली जुनी प्रबंधांची चळत होती. पाषाण तिथून फार लांब नव्हतं. तरी चार वर्षांत तिथलं कोणी आमच्याकडे आलं नाही, आमच्यातलं कोणी तिकडे गेलं नाही.

उद्योगाचंही पूर्ण जमलं नाही. प्रयोगशाळेतल्या कृती कारखान्यांत जात नाहीत हे भटनागरांना दिसत होतं. म्हणून १९५३ मध्ये त्यासाठी वेगळं राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पण भिलाई, रुरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने आले ते रशियन, जर्मन, ब्रिटिश आराखड्यांसकट. घाईत असलेल्या देशाला तयार कारखाना हवा होता, स्वतःच्या प्रयोगशाळेची वाट बघायला सवड नव्हती. आणि जी परिषद स्वायत्त संस्था म्हणून जन्मली, तिच्याभोवतीही पुढे सरकारी नियमांचे वेढे पडत गेले.

भटनागर १ जानेवारी १९५५ ला दिल्लीत हृदयविकाराने गेले. वय साठ. तोवर बाराएक प्रयोगशाळा झाल्या होत्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर तीन वर्षांनी पहिल्यांदा दिला गेला.

आमच्या प्रकल्पाचं विचाराल, तर थर्मोकपल शेवटी एका कारखान्याच्या मालकांनी स्वतःच्या खिशातून आणून दिले. भट्टीवर तापमान लिहिणारा मुलगा पॉलिटेक्निकचा होता, त्याला मानधन द्यायलाही हेड नव्हतं. तेही त्यांनीच दिलं. सूचना आता बऱ्यापैकी बरोबर येतात. चार संगणकांपैकी एक मी वापरला.

सहलीची ती वही आईने जपून ठेवली होती, दिवाळीच्या आवराआवरीत सापडली. मेळाव्याला येताना घेऊन येणार आहे. सर येणार आहेत असं कळलंय. उरलेला अर्धा गुण मागणार आहे.